कोणता सरस सरस

मेसाबीवरच्या त्या गावात जानेवारीत
पारा नळीच्या तळाशी जाऊन बसतो,
तेव्हा आर्वो लेह्टिनेनही तळघरात उतरतो.
एकतीस वर्षं लोहखनिजाच्या गाड्यांवर ब्रेकमन होता.
आता त्याचा वाघिणीचा डबा
काडेपेटीहून थोडा लांब.

फळीवर गुलाबी फोम, फोमवर बुचाचा पट्टा,
पट्ट्यावर रूळ यायचे आहेत,
आणि तीन आठवडे एकच घोळ:
कोणता सरस सरस?

शेजारचा पेत्रिच म्हणतो, बांधकामाचा घे, तपकिरी, नळीतला.
मी पायऱ्या चिकटवल्यात त्यानं.
घर पडेल, पायऱ्या राहतील.
आर्वो म्हणतो, तेच तर नकोय.

झटपट चिकटणारा एकदा करून पाहिला.
रूळ राहिले बाजूला,
अंगठा आणि तर्जनी एकमेकांना सोडेनात,
सबंध दुपार कॉफी डाव्या हातानं.
गरम बंदुकीतल्याच्या गुठळ्या होतात,
गुठळीवर रूळ चढला की
गाडी दर फेरीला तिथेच उचकी देते.
खिळे ठोकावेत, तर वरून सिर्क्का ओरडते,
"खाण सुरू केलीस का रे घरात?"

आणि तो पिवळा, डब्यातला, डोकं धरणाऱ्या वासाचा.
नात कायसा, वय वर्षं नऊ,
मदत म्हणून तिनं तो फोमवर ब्रशनं थापला,
आणि फोम खाली जाऊ लागला,
आवाज न करता, घाईही न करता.
वाटीएवढा खड्डा. कडा वितळलेल्या.
पोरीचा खालचा ओठ बाहेर आला.
आर्वोनं चष्मा कपाळावर सरकवला,
खड्ड्यात वाकून बराच वेळ पाहिलं.
"हीच राहिली होती," तो म्हणाला. "खाण.
मी आपला कुठे खणावी याचाच विचार करत होतो."
दुसऱ्या दिवशी दोघांनी कडांना गेरू फासला.

खरी खाण गावाबाहेर आहे, तिच्यात आता निळं पाणी.
पूर्वी गावच तिथे होतं.
जमिनीखाली लोखंड निघालं
तेव्हा घरं ओंडक्यांवर चढवून ओढत नेली;
आर्वोचा आजोबा सांगायचा,
त्याच्या आईनं चुलीवरची किटलीसुद्धा उतरवली नव्हती.
जी घरं पायाला फार धरून होती
ती मधोमध चिरली.

म्हणून शेवटी तो खिडक्यांच्या फटी बुजवायचं
साधं लॅटेक्स आणतो, सगळ्यात स्वस्त.
पातीनं पसरतो, खालचं बूच दिसेल इतकं पातळ,
तंगीच्या सालात आई राईच्या पावाला लोणी लावायची तसं:
लावलंय म्हणायचं, एवढंच.
वर रूळ, रुळांवर रात्रभर सूपचे डबे,
टोमॅटो, वाटाणा, टोमॅटो, मशरूम.
हे धरतं. आणि खालून पाती घातली, तर सोडतंही.

सांध्याखाली मात्र थेंब नाही.
"इथे गाडीला मन बदलता आलं पाहिजे," तो कायसाला म्हणतो,
आणि ती मान हलवते, जशी मुलं हलवतात, न ऐकता.

खडीला पांढरा डिंक, निम्मं पाणी,
भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब,
नाहीतर पाणी खड्यांवरून घरंगळून जातं.
ड्रॉपर सिर्क्काच्या कानाच्या औषधाचा.
कायसा जीभ दातांत धरून एकेक थेंब सोडते.
डिंक बोटांवर वाळतो.
ती तो सोलते, अख्खा, न फाटता:
पातळ, दुधी, आत तिच्या बोटाच्या रेषा.
तो वाघिणीत ठेवते.
आर्वो काही बोलत नाही, बटण फिरवतो.
गाडी खाणीच्या कडेनं वळते,
एवढासा माल घेऊन.